कबुतराची छाती कुठून येते?

ढाबळीत पाच-दहा जोड्या बाळगणाऱ्या घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. पहिल्यांदा आणलेली जोडी कशी भरदार होती, तिची पिल्ले उचलली की ओंजळ भरून जायची. आता ढाबळीत तिचीच नातवंडे-पतवंडे आहेत, दाणाही तोच आहे, पण छाती काही भरत नाही. मग कोणी म्हणते हवा मानवत नाही, कोणी म्हणते दृष्ट लागली, आणि बाजारातला व्यापारी म्हणतो, "जुनी काढून टाका, नवी किंग जोडी घेऊन जा."

तुमच्याही घरी असे झाले असेल, तर कनवटीचे पैसे सोडण्याआधी थोडे थांबा. कबुतराची छाती कशाने घडते, तिच्यातले आईबापाकडून किती येते आणि तुमच्या हातून किती येते, हे आधी पाहू या. पुष्कळ घरांत कबुतर खात नाहीत, हे मला ठाऊक आहे. त्या घरांनीही पान उलटू नये. उडवण्यासाठी किंवा शर्यतीसाठी कबुतरे पाळणाऱ्यांचा तर सगळा खेळच या छातीवर असतो.

प्रथम छाती म्हणजे काय ते पाहा. कबुतर हातात धरून बोट छातीच्या मधोमध फिरवा. नांगराच्या फाळासारखे एक उभे हाड लागेल. त्याच्या दोन्ही अंगांना जे मांस असते, तेच पंख ओढणारे स्नायू. वरचा मोठा स्नायू पंख खाली ओढतो. कबुतराच्या एकूण वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा एकट्या या स्नायूचा असतो. त्याच्या खाली हाडाला लागून दुसरा लहान स्नायू असतो, तो पंख वर उचलतो. खाली असलेला स्नायू पंख वर कसा उचलेल, असे तुम्ही विचाराल. त्याची दोरी, म्हणजे कंडरा, खांद्यातल्या एका भोकातून वर जाते आणि पंखाच्या हाडाला वरच्या बाजूने जोडलेली असते. विहिरीच्या रहाटावरून दोर खाली ओढला की घागर वर येते, तसेच हे. कोंबडी साफ करताना छातीच्या मोठ्या तुकड्याखाली जी एक निराळी निमुळती पट्टी सुटून येते, ती म्हणजे हाच स्नायू. घरातल्या बायकांनी ती शेकडो वेळा पाहिली असेल.

आता कोंबडीची छाती पांढरी आणि कबुतराची गडद लाल का? कोंबडी फार तर कुंपणावर उडते आणि दमते. तिची छाती एका झटक्याचे काम करते, दिवसभराची चाल पायांची, म्हणून तिच्या तंगडीचे मांस गडद. कबुतर तासन् तास उडते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. जे. सी. जॉर्ज आणि त्यांचे सहकारी नाईक यांनी या छातीचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांना दोन तऱ्हेचे धागे दिसले. बारीक लाल धागे चरबी साठवतात आणि ती जाळून चिवटपणे काम करतात. जाड पांढरे धागे पिठूळ साखर, म्हणजे ग्लायकोजन, साठवतात आणि झटक्याचे काम करतात. १९५८ साली हे काम 'नेचर' या जगप्रसिद्ध विज्ञान नियतकालिकात आले. कबुतरात बारीक लाल धाग्यांची संख्या फार मोठी असते, म्हणून ती छाती लाल.

ही छाती एवढी कामसू असते, की १९३७ साली इंग्लंडमधल्या शेफील्ड येथे हान्स क्रेब्ज यांनी अन्नापासून शक्ती कशी सुटते हे शोधताना कबुतराच्या छातीचाच खिमा प्रयोगाला घेतला. त्यांनी शोधलेल्या रासायनिक फेऱ्याला क्रेब्ज चक्र म्हणतात. १९५३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तुमच्या घरात शास्त्र शाखेला जाणारे पोर असेल तर त्याला विचारा, ते चक्र त्याने पाठ केलेले असेल. ते कबुतराच्या छातीतून निघाले हे मात्र बहुधा त्याला कोणी सांगितलेले नसेल.

तुरा आणि छाती

आता वारशाकडे वळू. प्रत्येक पिल्लाला निम्मा वारसा बापाकडून आणि निम्मा आईकडून मिळतो. वारशाच्या या कणांना जनुके म्हणतात. काही गुण एकाच जनुकावर चालतात. कबुतराच्या डोक्यावरचा तुरा हा तसला गुण. २०१३ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातील मायकेल शपिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कबुतराची सगळी जनुकीय लिपी वाचून प्रसिद्ध केली, आणि तुऱ्यामागे एकच जनुक असल्याचे दाखवले. तुरा दबून राहणारा गुण आहे. बिनतुऱ्याचे दोन पक्षी तो गुण लपवून बाळगत असतील, तर त्यांच्या चार पिल्लांत सरासरी एकाला तुरा येतो. दिव्याचे बटण असते तसे हे, लागला तर लागला, नाहीतर नाही.

छातीचे असे नाही. छाती म्हणजे गावच्या जत्रेची वर्गणी. एक घर पाच रुपये देते, दुसरे दहा देते, तिसरे काहीच देत नाही, आणि शेवटी बेरीज होते. अंगाचा आकार, हाडाची लांबी, धाग्यांची संख्या, भूक, पचन, या सगळ्यांमागची पुष्कळ जनुके आपापला थोडा थोडा वाटा टाकतात. म्हणून दोन भारी कबुतरांच्या सगळ्या पिल्लांचे वजन सारखे येत नाही. एका पिल्लाला वर्गणी जास्त जमते, दुसऱ्याला कमी.

एकाच जनुकाने मांस एकदम वाढल्याची उदाहरणे जनावरांत आहेत. बेल्जियममधली 'बेल्जियन ब्लू' गुरे पाहिली तर पाठीवर आणि मांड्यांवर मांसाचे गोळेच गोळे दिसतात. स्नायूंच्या वाढीला लगाम घालणारे मायोस्टॅटिन नावाचे एक जनुक त्यांच्यात बिघडलेले असते. हे १९९७ साली उघड झाले. कबुतरातही हे जनुक आहे आणि पोलंडमधील संशोधकांनी ते तपासलेही आहे. पण व्यापारी ज्या किंग जातीचे नाव घेतो, तिचा इतिहास असा एका झटक्याचा नाही. ही जात अमेरिकेत १८९० नंतरच्या दशकात चार जातींच्या संकरातून तयार झाली. आकार रंट जातीचा, आखूड आटोपशीर बांधा माल्टीजचा, चपळपणा होमरचा, आणि चौथी जात डचेस. पुढे लोकांनी पिढ्यान् पिढ्या निवड केली. आपला साधा पारवा ३०० ते ३५० ग्रॅमचा, तर चांगला किंग पाऊण किलोपासून एक किलोपर्यंत भरतो. दक्षिण कॅरोलिना राज्यातल्या समटर गावी १९२३ साली वेंडेल लेव्ही यांनी केवळ पिल्लांच्या मांसासाठी कबुतरांचा मोठा कारखाना काढला. तिथेही भर निवडीवर आणि नोंदवहीवरच होता.

निवड ही आपल्याकडेही नवी नाही. अकबर बादशहाच्या पदरी वीस हजारांवर कबुतरे होती आणि तो जातींचा संकर करवून घेई, असे अबुल फजलने लिहून ठेवले आहे. चार्ल्स डार्विन यांनी १८५५ पासून घरी कबुतरे पाळली. त्यांनी सांगाडे मोजले तेव्हा एक गंमत दिसली. पाळीव जाती रानपारव्याहून मोठ्या असल्या, तरी अंगाच्या मानाने त्यांचे छातीचे हाड बहुधा लहान भरले. उडणे सुटले म्हणून हाड घटले, असे कारण डार्विन यांनी दिले. न वापरल्याने झालेली घट पिल्लांत उतरते, हे आज कोणी मानत नाही. पण त्यातून तुम्ही एक खूणगाठ जरूर बांधावी. अंग मोठे म्हणजे छाती मोठीच असे नाही. वजन पाहा आणि हाताने छातीही चाचपा.

छाती हटते का?

आता मूळ तक्रारीकडे येऊ. बाजाराच्या दिवशी ढाबळीतून कोणती पिल्ले निघतात? सगळ्यांत भरलेली. गिऱ्हाईक तीच मागते आणि पैसाही तीच देतात. मागे राहतात ती हलकी, उशिरा भरणारी. सहा-सात महिन्यांत तीच जोडी लावतात आणि तीच पुढच्या पिढीचे आईबाप होतात. जोंधळ्याची सगळ्यांत टपोरी कणसे विकून किडक्या कणसांचे बी तुम्ही कधी धराल का? कबुतरांत मात्र आपण वर्षानुवर्षे तेच करतो.

थोडा हिशेब मांडू. समजा, तुमच्या ढाबळीत चार आठवड्यांच्या पिल्लांची सरासरी ४८० ग्रॅम आहे. वजनातल्या फरकाचा एक तृतीयांश भाग वारशाचा आणि उरलेला दाण्याचा, हवेचा, नशिबाचा, असे धरू. तुम्ही ४५० ग्रॅमवालीच पिल्ले आईबाप म्हणून ठेवली, म्हणजे सरासरीहून ३० ग्रॅम कमी. त्याचा तिसरा हिस्सा १० ग्रॅम. पुढची पिढी ४७० वर आली. वर्षाला एक पिढी धरली तरी चार वर्षांत ४० ग्रॅम गेले, आणि कोणाच्या लक्षातही आले नाही. उलट, ५४० ग्रॅम भरलेली पिल्ले ठेवली असती तर ६० चा तिसरा हिस्सा २० ग्रॅम वाढला असता. नर तेवढा भारी आणि मादी बेताची असेल तर त्याच्या निम्मे, १० ग्रॅम. म्हणून केवळ नर महागाचा आणून भागत नाही.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट कळते. ५४० ग्रॅमवाल्यांची पिल्ले ५४० ची निघाली नाहीत म्हणून वाईट वाटून घेऊ नका आणि व्यापाऱ्याने फसवले असेही लगेच म्हणू नका. त्या वजनातला मोठा भाग खाण्यापिण्याचा होता, तो वारशाने उतरत नाही.

दुसरे कारण घरट्यातल्या जोडीचे. कबुतर एका वेताला दोन अंडी घालते. त्यातून एक नर आणि एक मादी निघते, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाही. सरासरीने चार घरट्यांत दोनच घरट्यांत नर-मादी निघतात. एका घरट्यात दोन्ही नर आणि एकात दोन्ही माद्या. आणि नर-मादी निघाली तरी ती सख्खी भावंडे. त्यांचीच जोडी लावली की दबून राहिलेले दोष दोन्हीकडून एकत्र येतात. अंडी वांझ जातात, पिल्ले अंड्यातच मरतात, वाढ खुंटते. व्यापारी "एकाच घरट्यातली जोडी आहे" हे गुण म्हणून सांगतो. माझ्या मते जोडी न घेण्याचे ते पहिले कारण आहे. नर एका ढाबळीतून घ्या आणि मादी दुसऱ्या गावच्या ढाबळीतून.

संकराचेही असेच. किंग नर आणि गावठी मादी यांची पहिली पिल्ले पुष्कळदा तरतरीत आणि काटक निघतात. पण त्या संकरित पिल्लांची आपसांत जोडी लावली की पुढची पिढी विस्कटते, कोणी किंगकडे जाते, कोणी पारव्याकडे. संकरित ज्वारीचे बी घरी धरून पेरल्यावर शेतात काय होते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

दूध पाजणारा बाप

वारशाबाहेरच्या दोन तृतीयांश भागात कबुतराची एक अशी गोष्ट आहे जी कोंबडीत नाही. कबुतराचे पिल्लू जन्मते तेव्हा १५ ते २० ग्रॅमचे, आंधळे, जवळजवळ उघडे असते. पोट आणि चोच मोठी, छाती जवळजवळ नाहीच. नर आणि मादी दोघांच्याही गळ्यातल्या पिशवीत दह्याच्या गोळ्यांसारखा पांढरट पदार्थ तयार होतो. त्याला कबुतराचे दूध म्हणतात. त्यात प्रथिने आणि चरबी भरपूर, साखर जवळजवळ नसते. ऑस्कर रिडल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३० नंतरच्या दशकात ज्या रसामुळे हे दूध येते त्याला प्रोलॅक्टिन हे नाव दिले. गाईच्या कासेत आणि बाळंतिणीच्या अंगी दूध आणण्यात याच रसाचा हात असतो. या दुधावर पिल्लाचे वजन दोन दिवसांच्या आत दुप्पट होते. पुढे चार-पाच दिवसांनी दुधात भिजलेला दाणा मिसळू लागतो, आणि दहा-बारा दिवसांनी बहुतेक दाणाच.

छातीतल्या धाग्यांची संख्या पिल्लू अंड्यातून बाहेर पडेपर्यंत जवळजवळ ठरून गेलेली असते. ती संख्या वारशाची. नंतर ते धागे जाड व्हायचे असतात आणि ते काम दूध आणि दाणा करतात. छाती सगळ्यांत शेवटी, उडण्याचे दिवस जवळ आले की भरते. म्हणून मांसासाठी पिल्लू २६ ते ३० दिवसांचे असताना काढतात. तोवर छाती भरलेली असते, पण ते अजून उडालेले नसल्याने मांस कोवळे असते.

या दिवसांत आईबापांना नुसती ज्वारी-बाजरी टाकली तर चांगल्या वारशाची छातीही रिकामी राहील. ज्वारी, मका, बाजरीबरोबर वाटाणा, हरभरा, मटकी असे द्विदल धान्य द्या. बारीक खडी, शिंपल्यांचा चुरा आणि स्वच्छ पाणी कायम समोर ठेवा. कबुतर पाणी चोच बुडवून ओढून पिते, म्हणून भांडे जरा खोल असावे.

हलकी पिल्ले वारशाने हलकी आहेत की आईबाप नीट भरवत नाहीत, हे घरच्या घरी तपासता येते. दोन जोड्यांनी एकाच दिवशी, फार तर एका दिवसाच्या फरकाने अंडी घातली असतील, तर त्यांची अदलाबदल करा. कबुतर दुसऱ्याची अंडी बिनतक्रार उबवते, आणि १७-१८ दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात. फरक जास्त दिवसांचा असेल तर करू नका, दूध वेळेवर उतरणार नाही. दोन-तीन वेळा असे करून पाहा. भारी जोडीची अंडी हलक्या जोडीखाली वाढूनही पिल्ले भारी निघाली, तर वारसा चांगला. हलकी निघाली, तर भरवण्यात कसर आहे. उत्तम भरवणारी जोडी स्वतः बेताची असली तरी दाई म्हणून ती जपावी.

काटा आणि वही

नजरेवर विसंबू नका. पिल्लू सात-आठ दिवसांचे झाले की पायात क्रमांकाचे कडे घाला. २८ व्या दिवशी पहाटे, आईबापांनी भरवण्याआधी, वजन करा, नाहीतर गळ्यातला दाणाच छाती म्हणून तोलला जाईल. वहीत कड्याचा क्रमांक, आईबाप, जन्मतारीख, वजन आणि घरट्यात एकटे वाढले की दोघे, हे लिहा. एकटे वाढलेले पिल्लू दोघांचा घास खाते. त्याची तुलना जोडीने वाढलेल्याशी करणे म्हणजे बागायती शेताची तुलना जिरायतीशी करणे. एका मोसमातली पिल्ले त्याच मोसमातल्या पिल्लांशी ताडून पाहा.

छाती चाचपताना हाडाच्या दोन्ही अंगांचे मांस गोल आणि हाडाच्या बरोबरीने आलेले असावे. हाड सुरीसारखे लागले तर पक्षी उपाशी किंवा आजारी आहे. वाकड्या हाडाचा पक्षी जोडीला लावू नका.

वजनाच्या मागे लागून मात्र पाय घसरू देऊ नका. चांगल्या ढाबळीत किंगची जोडी वर्षाला बारा-चौदा पिल्ले देते. रंटसारख्या अगडबंब जातीची जोडी त्या मानाने फारच थोडी देते. जड पक्ष्याच्या पायाखाली अंडीही जास्त फुटतात. सहाशे ग्रॅमची सहा पिल्ले म्हणजे ३,६०० ग्रॅम, आणि पाचशे ग्रॅमची बारा म्हणजे ६,०००. वहीत जोडीमागे वर्षाचे एकूण वजन मांडा, आणि पुढची जोडी त्या आकड्यावरून निवडा.

शर्यतवाल्यांनी तर वजनाचा नाद सोडावाच. त्यांना जाड नव्हे, चिवट छाती हवी. पोलंडमधील संशोधकांना स्नायूतल्या साखरेच्या ज्वलनाशी संबंध असलेल्या एका जनुकाचा एक प्रकार शर्यतीच्या कबुतरांत इतर जातींहून जास्त आढळला आहे. पण रक्त तपासण्याच्या भानगडीत तुम्ही पडण्याचे कारण नाही. कोणत्या जोडीची पिल्ले लांबून वेळेवर घरी येतात, हे वहीत असले की पुरे.

आता ढाबळीत जी पिल्ले आहेत त्यांतली, दोघांनी वाढलेल्या घरट्यातली सगळ्यांत भारी चार-पाच बाजूला काढा, वेगवेगळ्या आईबापांची. त्यांच्या पायाला लाल दोरा बांधा आणि बाजाराला जाणाऱ्या माणसाला घरातून निघतानाच सांगून ठेवा, की लाल दोऱ्याचे पिल्लू टोपलीत घालायचे नाही, गिऱ्हाईक कितीही देवो.